जास्तीचं ताट

पुणे,
१७ नोव्हेंबर

श्रीमंतराव, रामराम.

तुझ्या आईला, आमच्या झुंबरमावशींना सांग, बज्या पोचला, वेळेवर जेवतो आणि त्यांनी दिलेला स्वेटर घालतो. यातलं जेवणाचं तेवढं खोटं आहे, पण ते सांगू नकोस. पिवळी गाय व्याली का? कांद्याची लागण उरकली का? आमच्याकडे भात सोंगून झालं असेल. बापू एकटेच झोडत बसले असतील, त्याचं वाईट वाटतं.

पत्र बघून तू हसशील. पोस्टमनसुद्धा आधी पाकीट उलटंसुलटं करून बघेल. पण माझा मोबाईल हातातून पडला आणि फुटला. दुरुस्तीला टाकलाय. तोवर हे असं.

कारभारीकडे उतरलोय. माझा चुलतभाऊ, आमच्याकडे भात झोडायला आला होतास तेव्हा तुला भेटला होता बघ. धायरीला एका सोसायटीत वॉचमन आहे. तो रात्रपाळीला जातो, म्हणून खाट मला मिळते. सकाळी तो येतो, मी उठतो, तो त्याच उबेत झोपतो. मग दिवसभर मला बाहेरच हिंडावं लागतं. ते बरंच आहे म्हणा, हिंडायलाच तर आलोय.

तूच म्हणालास ना. पाडव्याला तू माझे चार श्लोक मावशींना वाचून दाखवलेस आणि त्या म्हणाल्या, "ह्यात जीव न्हाई रे बज्या. कुनाच्याबी लग्नाला चालंल असं हाय." मला ते फार लागलं. सतराव्या वर्षापासून मी लोकांच्या लग्नाला मंगलाष्टका लिहितोय, पण असं मला कोणी म्हणालं नव्हतं. नवरा-नवरीचं नाव, आईबापाचं, गावाचं, सगळं गुंफून आठ श्लोक करून द्यायचे आणि मांडवात उभं राहून म्हणायचे. आमच्या अकोले तालुक्यापासून राहुरीपर्यंत लोक बोलावून नेतात. आणि तुझ्या बहिणीच्या, सुकन्याच्या लग्नाला माझ्या हातून असं मेलेलं निघावं. तू म्हणालास, "जा, कुठंतरी हिंडून ये, डोकं मोकळं कर, पण तात्यांच्या लेकीला शोभंल असं लिही." म्हणून आलो. दुसरं काही कारण नाही.

वाकडेवाडीला एसटीतून उतरलो तेव्हा वाटलं होतं, एवढं मोठं शहर, एवढी माणसं, पहिल्या दिवशीच वही भरेल. आज पाचवा दिवस आहे. लकडी पुलावर उभा राहून नदी बघितली. आपला राहुरीचा मुळेचा पाट परवडला, त्याला निदान वाहायचं तरी असतं. पर्वती चढलो. वरून सगळं धुरकट दिसत होतं, उतरलो. तुळशीबागेत मुंडावळ्यांचे झुपकेच्या झुपके टांगलेले बघितले. दुकानदार म्हणाला, "कुणाचं लग्न, तुमचं?" मी पुढे निघालो. लक्ष्मी रस्त्यावर काचेमागे शालू नेसवलेल्या बाहुल्या उभ्या असतात. त्यांना तोंडं नसतात रे. नुसती मान आणि डोक्याचा गोळा. तिथे मी किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही.

इथे कोणी कोणाकडे बघत नाही, ही एक सोय आहे. आपल्याकडे पडल्या चेहऱ्यानं स्टँडवर उभं राहिलं तर चार जण विचारतात. इथे रडत चाललो तरी शेजारून गाड्या जात राहतील. रडत नाहीये. उदाहरण दिलं.

काल मात्र एक केलं. सिंहगड रस्त्याला एका मंगल कार्यालयात घुसलो, मंगलाष्टका ऐकायला. दारात एक फेटेवाले गृहस्थ अत्तर लावत होते. "मुलीकडचे की मुलाकडचे?" मी म्हटलं, "लिहिणाऱ्यांकडचा." त्यांना वाटलं आडनावच असेल, म्हणाले, "बसा बसा, पुढे बसा." आणि मंगलाष्टका काय, तर स्पीकरवर लावलेल्या! कुठल्या तरी बाईच्या रेकॉर्ड केलेल्या. त्यात नवरीचं नाव नाही, बापाचं नाही, गावाचं नाही. लोक 'सावधान' आलं की अक्षता टाकत होते आणि मधल्या वेळात मोबाईल बघत होते. तात्या असते तर मांडवातच ओरडले असते.

तात्यांची फार आठवण येते. पत्रिकेवर 'स्वर्गीय काकासाहेब' छापलेलं बघून मला आधी कळलंच नाही कोण ते. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, तेव्हा त्यांच्याजवळ सहा-सात महिने शिकलो, तेवढंच. चाल त्यांची, वृत्त त्यांनी बोटांवर मोजून शिकवलेलं. आणि त्यांचा तो नियम. नवरीच्या घरी आधी जेवायचं, नवरदेवाच्या घरी जेवायचं, मगच कागदाला हात लावायचा. "ज्याच्या घरचं आन्न पोटात न्हाई त्याच्याबद्दल काय लिव्हनार रं तू?" नवरीच्या घरी तर मी दोन वर्षं जेवलोय. हॉस्टेलचं जेवण जात नव्हतं म्हणून मावशी रोज डबा द्यायच्या आणि रविवारी ताटावर बसवायच्या. नवरदेवाकडचं बघू. हडपसर इथून लांब पडतं.

शिवाय नवरदेवाचं नाव वृत्तात बसत नाही. ज्ञानेश्वर. फार अडतं. तेही एक कारण आहेच.

लग्नाला अजून अठरा दिवस आहेत. काळजी करू नकोस.

तुझा,
बजरंग

---

पुणे,
२२ नोव्हेंबर

श्रीमंत,

कारभारीच्या फोनवर तू तीनदा फोन केलास. तिन्ही वेळा मी समोरच बसलेलो होतो आणि नाही म्हणून सांगायला लावलं. कारभारी माझ्यावर तडकला. "आरं बोल ना त्यांच्याशी! त्यांनी काय तुझं घोडं मारलंय? येवढा चांगला मानूस हाय." चांगलाच आहेस तू. तीच तर पंचाईत आहे. फोनवर आवाज जातो आणि आवाजावरून तुला कळतं, हे मला माहीत आहे. कागदावर तसं होत नाही. कागदावर मी पाहिजे तेवढंच सांगू शकतो.

तरी एक खरं सांगतो. मोबाईल पडला नाही. मी तो पाटाच्या सिमेंटवर आपटला. दोनदा. पहिल्यांदा नुसती काच गेली होती, म्हणून दुसऱ्यांदा. तू त्या दिवशी बस्त्याचे फोटो पाठवले होतेस. सगळे साड्यांच्या ढिगात बसलेले, मावशी, तू, ते पाहुणे. शेवटचा फोटो तिचा आणि त्याचा होता. ती साडी खांद्याला लावून बघत होती आणि तो हसत होता. तू खाली लिहिलं होतंस, 'बघ तुझ्या श्लोकाला कामी येईल.'

तू मला विचारायला नको होतंस, श्रीमंत. अख्ख्या जिल्ह्यात दुसरा लिहिणारा नव्हता का? मला राग येतोय तुझा. आला तर आला. लिहून टाकतो, नाहीतर परत काहीतरी आपटीन, आणि इथे सगळं कारभारीचं आहे.

माझ्या रागाचं तुला काय नवीन म्हणा. मागच्या वर्षी जानेवारीत हॉस्टेलवर काय झालं ते तुला अर्धं ठाऊक आहे. मेसमध्ये एकानं माझ्या वहीतला कागद काढून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला, आवाज काढून काढून, आणि मी त्याला मारलं. त्याचा दात पडला. रेक्टर वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "चार ओळींचा माफीनामा लिहून दे. चूक झाली, पुन्हा होणार नाही. मी मिटवतो." डिप्लोम्याचे चार महिने राहिले होते. मी म्हटलं, माझी चूक नाही, लिहिणार नाही. तू दुधाची गाडी तशीच उभी करून आला होतास. तासभर माझ्या खाटेवर बसून समजावत होतास. "आरं लिही ना मर्दा! दुसऱ्याच्या लग्नाला वह्याच्या वह्या लिहितो, सोतासाठी चार ओळी लिहायला काय हात झिजतोय का तुझा?" मी ट्रंक उचलली आणि अकोल्याची गाडी पकडली. बापूंनी नुसता विळा काढून माझ्या हातात दिला.

त्या कागदावर काय होतं, ते तू मला कधी विचारलं नाहीस.

दुसरं काही सांगतो. हिंडणं चालू आहे. वहीत आतापर्यंत सात ओळी झाल्या, त्यातल्या पाच खोडल्या. काल बागेत एका म्हाताऱ्या गृहस्थांशेजारी बसलो होतो. त्यांनी विचारलं, काय करता. मी म्हटलं, कवी आहे. ते म्हणाले, "अच्छा," आणि बाकाच्या त्या टोकाला सरकले.

हडपसरला जाऊन आलो. सहज. बस तिकडेच जात होती. त्याचं गॅरेज मुख्य रस्त्यापासून आत आहे, टू-व्हीलरचं. बोर्डावर 'ज्ञानेश्वर ऑटो' लिहिलंय, अक्षरं वाकडी आहेत, 'श्व' तर पडायलाच आलाय. समोर चहाची टपरी आहे. तो सकाळी नऊला शटर उघडतो, आधी पाणी मारतो, मग उदबत्ती लावतो. दुपारी एकला वर जेवायला जातो. घर वरच आहे, एक गॅलरी, तिच्यात तुळस आणि एक पिवळी बादली. दीडला खाली येतो. हसतो फार. गिऱ्हाइकाशीही हसतो.

हे सगळं एका दिवसात दिसत नाही, तुझ्या लक्षात आलंच असेल. चार दिवस जातोय.

आत गेलो नाही. जेवायला वगैरे काही गेलो नाही. मी तिथे का उभा राहतो ते मला नीट ठाऊक आहे, आणि ते तुला सांगण्यासारखं नाही. एवढंच समज, की माझ्याकडे एक वाक्य आहे. ते मी त्याच्यासमोर जाऊन म्हटलं, की पाच डिसेंबरचा मांडव उतरवावा लागेल. रोज टपरीवर बसून मी ते वाक्य मनात म्हणतो. श्लोकापेक्षा पक्कं पाठ झालंय.

हे पत्र टाकावं की फाडावं, ठरत नाही. टाकलं तर समज, की मला कोणीतरी अडवावं असं वाटत होतं.

बजरंग

---

पुणे,
२७ नोव्हेंबर

प्रिय श्रीमंत,

तू येऊ नकोस. कारभारी म्हणाला, तू गाडी काढतोस म्हणालास. काढू नकोस. काही झालेलं नाही. जे झालं ते लिहितो. शेवटपर्यंत वाच आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

परवा मी ते वाक्य म्हणायला गेलो. ठरवून. कारभारीचा इस्त्रीचा शर्ट घालून. दुपारचा एक वाजत आला होता. तो शटर अर्धं ओढून वर निघाला होता, मला बघून थांबला.

"काय हो, चार-पाच दिवस बघतोय, समोर बसता. गाडी कुठंय तुमची?"

"गाडी नाही."

"मग मी पंक्चर कशाचं काढू?" आणि हसला. तेच हसू. माझी मूठ वळली होती, खरं सांगतो. तोंड उघडलं तर बाहेर आलं, "मी राहुरीहून आलोय. मंगलाष्टका लिहिणारा."

त्यानं माझा हातच धरला. त्याच्या हाताला ऑईल होतं, ते कारभारीच्या शर्टाला लागलं. जिन्याच्या तोंडाशी उभा राहून वर ओरडला, "आई, आले गं! लिहिणारे आले!"

वर त्याची आई, विजयमालाबाई. तू ओळखतोसच. डोक्यावर पदर, हाताला पीठ. मला बघून म्हणाली, "या बाबा, या. लई वाट बगाया लावली." मला कळेना. भिंतीशी तीन पाट मांडले होते. दोघांच्या घरात तीन पाट आणि तीन ताटं. मी विचारलं, कोणी यायचंय का. ती म्हणाली, "तुमीच की. शिरमंतरावांचा फोन आल्ता ना. म्हनले, लिव्हनारे जेवाया येतील, त्यांची रीत हाय तशी, पर कवा येतील त्ये सांगता येत न्हाई. म्हून रोज येक ताट जास्तीचं वाढून ठिवते. येक वाजला की गॅलरीतून बगते. मंग दोन वाजले की झाकून ठिवते."

सात दिवस, श्रीमंत. मी खाली टपरीवर बसून त्या गॅलरीकडे बघत होतो आणि ती त्याच गॅलरीतून माझी वाट बघत होती. माझं ताट वाढलेलं होतं आणि मी खाली बसून ते घर मोडायचं वाक्य पाठ करत होतो.

जेवलो. बाजरीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, कांदा. पाथर्डीकडची चव, आपल्यापेक्षा तिखट. ती सांगत होती, पहिली काही वर्षं ऊस तोडला, मग हा झाला तेव्हा ठरवलं की पोराच्या हाती कोयता द्यायचा नाही, म्हणून इकडे आले. मग तिनं विचारलं, "पोरीला काय आवडतं वो? शिरमंतरावांना इचारलं तर म्हनले, समदं खाती. समदं कोन खातं का? तुमी त्यांच्यातलेच हायेत, तुमाला ठावं आसंल."

मला ठाऊक होतं. तिला भाकरीचा करपलेला पापुद्रा लागतो, तो आधी काढून खाते. साय चालत नाही. वांगं शिवत नाही, पण भरीत केलं की ओळखत नाही आणि खाते. हिवाळ्यात तिला तव्यावरचा गूळ लागतो. चहा दोनदा गरम केलेला ओळखते. डोकं दुखलं की बोलत नाही, तेव्हा तिला काही विचारायचं नाही, नुसतं खिडकी लावून घ्यायची. मी सांगत गेलो. थांबताच येईना. ज्ञानेश्वरनं स्पेअर पार्टच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून घेतला आणि लिहायला लागला. 'वांगं नाही. भरीत हो. खिडकी.' जीभ बाहेर काढून, शाळेतल्यासारखं. अक्षर बोर्डासारखंच वाकडं. आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की मी काय करतोय. माझ्याकडे तिचं जेवढं होतं तेवढं मी एकेक करून त्याच्या पुठ्ठ्यावर ठेवत होतो.

आई भांडी घेऊन आत गेली. तो हळूच म्हणाला, "दादा, एक विनंती आहे. ते पहिलं प्रेम, जन्मोजन्मीचं वगैरे, तसलं घालू नका श्लोकात." मी विचारलं का. "तिनं मला बघायच्या दिवशीच सांगितलं. म्हणाली, आधी एक जण होता, त्याची मी वाट बघितली, तो आला नाही. आता मनात ठेवून लग्न करायचं नाही म्हणून सांगतेय, नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. मी म्हटलं, बरं. नाव नाही विचारलं. कशाला विचारायचं? पण मग सगळ्यांसमोर मांडवात खोटं कशाला म्हणायचं, असं वाटतं."

माझं वाक्य तेच होतं, श्रीमंत. शब्द थोडे वेगळे. तिनं ते माझ्याआधी म्हणून ठेवलं होतं, सरळ, त्याच्या तोंडावर. मला म्हणायला काहीच उरलं नाही. मी म्हटलं, "नाही घालणार."

आता तुला कळलं. कदाचित आधीच कळलेलं होतं. त्यांना फोन करून 'तो जेवायला येईल' म्हणून सांगणारा तू. मला नेमकं पुण्याला जा न म्हणता 'कुठंतरी हिंडून ये' म्हणणारा तू. मी विचारत नाही. तूही सांगू नकोस.

पण तिच्यावर काही येऊ देऊ नकोस. तिनं तुझ्या घराला खाली बघायला लावील असं काही केलेलं नाही. ती एकदाच काय ते बोलली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत, मी डबा परत द्यायला आलो होतो, तेव्हा ओट्यावर. "डिप्लोमा झाला की तुझ्या बापूंना घेऊन ये. दाराशी ये आणि दादाला विचार. चोरून काही नको मला." त्या रात्री मी आठ श्लोक लिहिले. तिचे. माझ्या आयुष्यात मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं. पहिलीच ओळ अशी होती:

आणाया बजरंग येइ घरि हा, दारी सुकन्या उभी

मेसमध्ये त्यानं वाचला तो हा कागद. म्हणून दात पडला. आणि म्हणून मी माफीनामा लिहिला नाही, कारण लिहिला असता तर का मारलं ते सांगावं लागलं असतं, असं मी स्वतःला समजावत राहिलो. ते खोटं आहे. रेक्टरांनी का मारलं ते विचारलंच नव्हतं. मला खाली वाकायचं नव्हतं, एवढंच. त्यानंतर ती मला एकदा राहुरीच्या स्टँडवर भेटली. बसमध्ये चढता चढता म्हणाली, "आठ श्लोक लिहिता आले तुला. चार ओळी नाही आल्या?" बस गेली. तरी ती या उन्हाळ्यापर्यंत थांबली. मी बापूंना घेऊन यायला मोकळा होतो. डिप्लोम्याविना आलो असतो तरी तू हाकललं नसतंस. पण कोणत्या तोंडानं जाऊ, असं म्हणत मी भंडारदऱ्याला पर्यटकांचे तंबू ठोकत बसलो आणि राग मात्र सगळ्यांचा केला. तुझा, रेक्टरांचा, त्या दात पडलेल्याचा, आणि आता या हसणाऱ्या माणसाचा.

तर मी पुण्याला काही शोधायला आलो नव्हतो. आठ श्लोक दोन वर्षांपासून तयार होते. त्यातलं एक नाव बदलायचं होतं फक्त, आणि ते माझ्यानं होत नव्हतं. ज्ञानेश्वर वृत्तात बसत नाही म्हणालो, तेही खोटं. इतकं सहज बसणारं नाव मला आजवर मिळालं नव्हतं. आधी 'श्री' लावला की पहिल्याच जागी बसतं.

पण जुने पाठवत नाही. ते माझे होते. काल आणि आज बसून सगळे नव्यानं लिहिले. कारभारी झोपला होता म्हणून जिन्यात बसलो. जुन्यातला अर्धा चरण तेवढा ठेवलाय, कारण ती उभी होती हे खरं आहे. सोबत आठही आहेत, पण हा आठवा इथे लिहितो. मावशींना तू मोठ्यानं वाचून दाखव आणि जीव आहे का विचार.

श्री ज्ञानेश्वर, हात हा पुढति घे, दारी सुकन्या उभी
कोणाची तरि वाट पाहत असे ताटातली भाकरी
तात्यांचा स्वर येतसे दुरुनिया पाटातुनी वाहुनी
सांगे, "लेक दिली, तिला समजुनी, कुर्यात् सदा मंगलम्"

चाल तात्यांचीच. तुला येते, लहानपणापासून ऐकली आहेस. तू म्हण. तुझा आवाज बसका आहे, पण घरचा आहे. मी येणार नाही. रागानं नाही. मांडवात उभं राहून मी सात श्लोक नीट म्हणेन, पण आठव्याला तिच्या नावाशी माझा आवाज फुटेल, आणि आवाजावरून तिथल्या सगळ्यांना कळेल. अक्षतांचे तांदूळ कबूल केल्याप्रमाणे बापू घेऊन येतील, नव्या भाताचे, आमच्या वरच्या खाचरातले. त्यांना पहिल्या पंगतीला बसव. ते लाजतात.

निघताना विजयमालाबाईंनी फडक्यात दोन भाकऱ्या बांधून दिल्या. जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आता ताट जास्तीचं करायला नगं ना?" मी म्हटलं, नको. पाच तारखेपासून तसंही तिसरं ताट लागेलच तुम्हाला. त्या हसल्या. पोराचं हसू आईवर गेलंय.

ते फडकं अजून माझ्याकडे आहे. परत कसं करायचं ते सुचत नाही.

दोन माफीनामे लिहिले. एक रेक्टरांना पाठवला, पावणेदोन वर्षं उशिरा. उत्तर येईल असं नाही. दुसरा हा. तिला दाखवू नकोस. तुमच्या घराला आहे, मावशींना आणि तुला. मोजून चार ओळी.

मी, बजरंग भीमा आवारी, लिहून देतो की माझ्या हातून चूक झाली.
ज्या दाराशी मला बोलावलं होतं, तिथे मी वेळेवर आलो नाही.
त्यात दोष दुसऱ्या कोणाचाही नाही.
त्या दाराशी मी आता काही मागायला येणार नाही.

लिहून देणार,
बजरंग